कुंडीतल्या झाडाची पानं पिवळी का पडतात? पाणी कमी पडतंय की जास्त होतंय?

घरातल्या मनी प्लँटचं एखादं पान पिवळं दिसलं की पहिला उपाय ठरलेला असतो, तो म्हणजे आणखी पाणी घालणं. चार दिवसांनी आणखी तीन पानं पिवळी होतात, मग पुन्हा पाणी. शेवटी झाड मान टाकतं आणि 'रोज पाणी घालूनही जगलं नाही' असं म्हटलं जातं. प्रत्यक्षात अनेकदा ते रोजच्या पाण्यामुळेच गेलेलं असतं.

जास्त पाण्यानं मुळांचं काय होतं?

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि त्यातला ऑक्सिजन मुळं वापरतात. पाणी घातलं की या पोकळ्या भरतात. जादा पाणी निथळून गेलं की हवा परत आत येते. पण पाणी निथळलंच नाही, तर मुळं गुदमरतात, कारण ऑक्सिजन हवेत जितक्या वेगानं पसरतो, त्याच्या सुमारे १० हजार पट हळू तो पाण्यात पसरतो.

गुदमरलेली मुळं पाणी आणि अन्नद्रव्यं नीट शोषू शकत नाहीत. त्यामुळे माती ओली असूनही पानं तहानेल्यासारखी कोमेजतात. पिथियम, फायटोफ्थोरा यांसारख्या बुरशीसदृश सूक्ष्मजीवांना अशी ओल मानवते आणि मुळं कुजायला लागतात.

पान पिवळंच का पडतं?

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे असतो. ते तयार व्हायला नत्र, मॅग्नेशियम, लोह अशी द्रव्यं लागतात. मुळांकडून पुरवठा थांबला की हिरवा रंग ओसरतो. मात्र पिवळेपणाची कारणं वेगवेगळी असतात. कोणतं पान पिवळं झालंय आणि माती कशी आहे, यावरून अंदाज बांधता येतो.

• खालची बरीच पानं एकदम पिवळी आणि मऊ, माती ओली: पाणी जास्त होतंय किंवा निचरा होत नाहीये.
• पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत आणि माती कोरडी: झाड खरंच तहानलंय.
• माती ठीक, पण फक्त टोकं तपकिरी आणि मातीवर पांढरा थर: खताचे किंवा बोअरवेलच्या पाण्यातले क्षार साठलेत.
• नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या: लोह कमी पडतंय. झाड जुन्या पानांतलं लोह काढून नव्या पानांना देऊ शकत नाही, म्हणून खूण आधी नव्या पानांवर दिसते.
• अधूनमधून सर्वात खालचं एखादंच पान पिवळं: त्या पानाचं वय झालंय. काळजीचं कारण नाही.

कुंडीच्या तळाशी खडी घातली तर निचरा सुधारतो का?

नाही. बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांच्या थरात सहजासहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहतं. म्हणजे खडीमुळे चिखलाचा थर जात नाही, उलट तो मुळांच्या आणखी जवळ येतो.

भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तो उभा करा, आणखी पाणी गळेल. कुंडीचंही तसंच असतं. मिश्रण तेच असेल, तर उथळ कुंडीत ओल्या मातीचा वाटा खोल कुंडीपेक्षा जास्त असतो.

निचऱ्यासाठी दोन गोष्टी लागतात: तळाला भोक आणि भुसभुशीत मिश्रण. महाराष्ट्रात सहज मिळणारी काळी माती शेतात कापसाला चालते, पण कुंडीत नुसती वापरली तर अडचण होते. ती ओली झाली की फुगते आणि घट्ट बसते, वाळली की तिला भेगा पडतात आणि पाणी त्या भेगांतून थेट खाली जातं. म्हणून मातीत कोकोपीट, कंपोस्ट आणि जाडसर वाळू किंवा परलाइट मिसळतात.

मग मनी प्लँट पाण्याच्या बाटलीत कसा जगतो?

पाण्यातच फुटलेल्या मुळांची रचना पाण्याला जुळवून घेणारी असते. शिवाय बाटलीतलं पाणी बदललं जातं, त्यासोबत ताजा ऑक्सिजन येतो. कुंडीतल्या ओल्या मातीत मात्र सूक्ष्मजीव उरलासुरला ऑक्सिजनही संपवतात.

पावसाळ्यात वेगळी काळजी का?

ढगाळ हवेत उजेड कमी, दमटपणा जास्त. झाड कमी पाणी पितं आणि मातीही हळू वाळते. मे महिन्यातलं पाण्याचं वेळापत्रक जुलैमध्ये चालत नाही. स्नेक प्लँट आणि झीझी प्लँट तर स्वतःच पाणी साठवून ठेवतात. त्यांची माती जवळपास पूर्ण वाळल्यावरच पाणी द्यावं.

काय करायचं?

• वार ठरवून पाणी घालू नका. बोट साधारण दोन इंच मातीत घाला, ओल लागली तर थांबा. कुंडी उचलूनही अंदाज येतो, कोरडी कुंडी हलकी लागते.
• पाणी घालाल तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत घाला. त्यासोबत साठलेले क्षारही धुऊन जातात.
• शोभेच्या बाहेरच्या कुंडीत पाणी साठलंय का, ते बघा.
• झाड मलूल असेल तर अलगद बाहेर काढा. पांढरट, टणक मुळं चांगली. तपकिरी, लिबलिबीत, वास येणारी मुळं स्वच्छ कात्रीनं कापा आणि झाड नव्या मिश्रणात लावा. नवी पालवी येईपर्यंत खत देऊ नका.

पिवळं झालेलं पान सहसा पुन्हा हिरवं होत नाही. उपाय लागू पडला की नाही, हे नव्या पानांवरून ठरवा.

कुंडीखालच्या ताटलीचं काय?

ताटलीतलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही अनेक महिने टिकू शकतात. म्हणून ताटली आठवड्यातून एकदा घासून धुवा. निचरा झालेलं पाणी झाडालाही नको असतं आणि घरातल्या माणसांनाही.