गृहकर्ज व घरगहाण (बाभुळगाव)

घर बांधणे, विकत घेणे किंवा दुरुस्त करणे यासाठी तेच घर अथवा भूखंड तारण ठेवून काढलेले आणि हप्त्यांनी फेडायचे कर्ज. बाभुळगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव यवतमाळ–धामणगाव रस्त्यावर आहे. तालुक्यात खडक सावंग्याला बेंबळा नदीवर धरण झाले, तरी घराघरातला पैसा अजून कापसाच्याच वाटेने येतो. व्याजदराची चौकशी सगळेच करतात. इथले गृहकर्ज अडते किंवा बुडते ते मात्र घराचा कागद आणि कापसाचा चुकारा या दोन ठिकाणी.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ मध्ये गहाणाचे सहा प्रकार दिले आहेत. बोलण्यात त्यांतले तीनच येतात : ताबा न देता केलेले नजरगहाण, ताबा देऊन केलेले ताबेगहाण आणि मुदत खरेदी. खरी फसगत तिसऱ्यात होते. सावकार गहाणखत करत नाही, सरळ खरेदीखतच करून घेतो. ‘पैसे आणून दे, घर परत नावावर करून देतो’ हा शब्द तोंडी राहतो किंवा वेगळ्या शंभराच्या स्टँपवर लिहिला जातो. कायद्यात १९२९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण मानला जातो. वेगळ्या कागदावरच्या अटीमुळे तो गहाण ठरत नाही. एवढे एक वाक्य माहीत असते तर वऱ्हाडातली कितीतरी घरे वाचली असती.

अशा व्यवहारावर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा उतारा आहे. खरेदीखत प्रत्यक्षात कर्जाचे तारण होते असे चौकशीत आढळले, तर जिल्हा निबंधक ते रद्द करून मालमत्ता परत देण्याचा आदेश देऊ शकतो. मात्र व्यवहार अर्जापूर्वीच्या पंधरा वर्षांतला असावा लागतो. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्यात द्यायचा. लोक पोलीस ठाण्यात खेटे घालत बसतात. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारणावर १२ टक्के, इतरांकडून अनुक्रमे १५ आणि १८ टक्के व्याज घ्यावे, असे दर २०१४ मध्ये ठरले. एकूण व्याज मुद्दलाहून जास्त घेता येत नाही. जुन्या दामदुपटीचाच हा नियम.

बँका सहसा मूळ दस्त ठेवून घेऊन गहाण करतात. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून अशा गहाणाची सूचना तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे देणे कर्जदारावर बंधनकारक आहे. शेतजमीन असेल तर सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढतो. घर घेणाऱ्याने सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहून थांबू नये. दस्त ठेवून केलेली गहाणे ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदणीत सापडतात, आणि तिथला शोध किरकोळ शुल्कात कोणालाही घेता येतो.

कागदाची खरी अडचण गावठाणात येते. ग्रामपंचायतीचा नमुना आठ कर कोण भरतो ते सांगतो, मालक कोण ते सांगत नाही. म्हणून तीन पिढ्यांच्या घरावरही बँक नकार देते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या, आणि अशा घरांना तारण म्हणून पहिल्यांदाच किंमत आली. पत्रिका हाती आली की नावे, क्षेत्र आणि चतुःसीमा लगेच ताडून पाहाव्यात. आजोबांच्याच नावाने पत्रिका निघाली, तर सर्व वारसांच्या सह्या गोळा करता करता मंजुरीची मुदत उलटते. नझूल भूखंडाचा पट्टा चालू आहे का, बेंबळा प्रकल्पाच्या पुनर्वसन गावठाणातला भूखंड भोगवटादार वर्ग १ चा की २ चा, हे इसार देण्याआधी तपासावे. वर्ग २ असेल तर विक्रीला सरकारी परवानगी लागते.

आता चुकारा. बँकेचा हप्ता दरमहा येतो, कापसाचा पैसा दिवाळीनंतरच्या तीन-चार महिन्यांत. दहा लाखांच्या कर्जाचा ९ टक्के दराने वीस वर्षांसाठी हप्ता सुमारे ८,९९७ रुपये पडतो. पहिल्या हप्त्यातले ७,५०० रुपये नुसते व्याजात जातात. हाच कर्जदार दरवर्षी कापूस विकल्यावर पन्नास हजार जादा भरत गेला, तर दर तोच राहिल्यास कर्ज दहा वर्षांच्या आत संपते. घरासाठी वैयक्तिक नावाने बदलत्या दराने घेतलेल्या कर्जाची अशी आगाऊ फेड केल्यास बँकेला दंड आकारता येत नाही. पण चुकाऱ्याच्या महिन्यांत पुढच्या सहा हप्त्यांची रक्कम खात्यात वेगळी राखावी. जादा भरणा त्यानंतरचा. उलट केले की मृगात बियाण्याला पैसे नसतात आणि हप्ता थकतो.

हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते, आणि त्यानंतर न्यायालयात न जाताही घराचा ताबा घेण्याची कारवाई करता येते. ही नोटीस घडी करून कपाटात ठेवू नये. लेखी हरकतीला पंधरा दिवसांत उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. २०१७ आणि २०१९ च्या राज्य कर्जमाफ्या शेतीकर्जापुरत्या होत्या, गृहकर्ज त्यांत बसले नाही. तरीही ‘माफी येईल’ म्हणून हप्ते थांबवणारे दर निवडणुकीला निघतात. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सोयऱ्याच्या भिडेने सही करणाऱ्याने स्वतःच कर्ज काढले असे समजावे.

गृहकर्जाच्या व्यवसायात स्थानिक तरुणांना बँक आणि पतसंस्थेच्या नोकरीखेरीज कर्ज मिळवून देणारा मध्यस्थ, प्रत्यक्ष पाहणी करणारा प्रतिनिधी आणि वसुली प्रतिनिधी ही कामे मिळतात. वसुलीसाठी भारतीय बँकिंग व वित्त संस्थेचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागते; पदवीधराला ५० तासांचे, इतरांना १०० तासांचे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला वसुलीचा फोन करता येत नाही. मध्यस्थाला मोबदला मंजूर रकमेवर मिळतो, म्हणून त्याचा ‘अजून दोन लाख बसतात’ हा सल्ला फुकटचा नसतो. या धंद्यात टिकतो तो पटवाऱ्याचे कागद वाचता येणारा माणूस. नुसता गोड बोलणारा दोन हंगामांत दुसरे काम शोधतो.

बँक बंद पडली म्हणून कर्ज संपत नाही. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द केला. अशा वेळी ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पण कर्ज अवसायकाकडे फेडावे लागते आणि घराचे कागदही त्याच्याकडूनच सोडवावे लागतात.

शेवटचा हप्ता भरल्यावर नादेय प्रमाणपत्र आणि मूळ दस्त घ्यावेत, बोजा उतरवून नवा उतारा काढावा. १ डिसेंबर २०२३ पासून बँकेने कर्जफेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आहेत; तिच्यामुळे उशीर झाल्यास कर्जदाराला दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते.