घास कुठे अडतो?

‘दुर्बीण घातली, काही निघालं नाही. आता मनातून काढून टाका.’ घास उतरत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या कित्येकांची फाइल या वाक्यावर बंद होते. घरचे त्यात वयाची भर घालतात.

हे मत अगदीच निराधार नाही. कर्करोग, व्रण, अरुंद झालेली अन्ननलिका दुर्बिणीने सापडते. ती तपासणी टाळू नये. घशात गोळा असल्यासारखं वाटण्याचा निरुपद्रवी प्रकारही खरा आहे. पण तो गोळा एरवी जाणवतो आणि जेवताना बहुधा नाहीसा होतो. गिळतानाच अडत असेल, तर दुखणं निराळं.

मुळात गिळणं ही हालचाल आहे. घास घशाशी आला की साधारण एका सेकंदात मऊ टाळू उचलला जाऊन नाकाची वाट मिटते, स्वरयंत्र वर-पुढे सरकतं, श्वासनलिका झाकली जाते आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी एरवी आवळून बसलेला स्नायू सैल पडतो. पोटाच्या दुर्बिणीच्या वेळी रोगी पुष्कळदा गुंगीत असतो. तो काही खात नसतो. अस्तर निरोगी आहे, एवढंच ती सांगते. स्नायूंबद्दल तिचा निर्वाळा मागणंच चूक.

मायस्थेनिया ग्रेव्हिस घ्या. यात स्नायू वापरू तसे थकतात. सकाळचे पोहे विनातक्रार जातात. रात्री अर्ध्या भाकरीत जबडा दमतो, पाणी नाकातून येतं, बोलणं गेंगाणं होतं, पापणी मिटायला लागते. असा माणूस सकाळच्या ओपीडीत ठणठणीत दिसतो आणि ‘मानसिक’ ठरतो. हा अन्याय मला सर्वांत बोचतो, कारण या रोगावर उपाय आहे. डॉ. मेरी वॉकर यांनी 1934 साली लंडनच्या ग्रीनिचमध्ये फायसोस्टिग्मिन या औषधाने अशा रोग्याची ताकद काही काळ परत आणून दाखवली होती. आज रक्तातली प्रतिपिंडं आणि मज्जातंतूला पुनःपुन्हा उत्तेजना देऊन केलेली चाचणी यांतून बहुतेकांचं निदान होतं. त्याआधी ‘त्रास संध्याकाळी वाढतो का?’ हे विचारायला पैसे पडत नाहीत.

‘ठसका लागत नाही ना, मग नीट जातंय’ हा समजही तितकाच घातक. पक्षाघातानंतर काहींच्या घशाची संवेदना मंदावते. पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि खोकला येत नाही. पुढे न्यूमोनिया होतो तेव्हा कळतं. बेरियम मिसळलेला घास गिळताना क्ष-किरणांवर चलत्चित्र घेतलं, की तो कुठे रेंगाळतो, कुठे वाट चुकतो ते दिसतं. नाकातून बारीक दुर्बीण सोडून, जाग्या माणसाला खाऊ घालत केलेली तपासणी 1988 पासून वैद्यकीय साहित्यात आहे. अन्ननलिकेतले दाब मॅनोमेट्रीने मोजता येतात.

तुमच्या घरात कुणाचा घास अडत असेल आणि अहवाल ‘नॉर्मल’ असेल, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: यांना प्रत्यक्ष गिळताना कुणी पाहिलं आहे का?