अप्परचे काउंटरवाले

२००१ साली पुण्यात बिबवेवाडीत अप्परला सायबर कॅफे टाकला तेव्हा माझा हिशेब सरळ होता. व्हीआयटी कॉलेज शेजारी, पोरं बाहेरगावची. घरी ई-मेल करायला आणि प्रोजेक्टच्या प्रिंटा काढायला येतील. आली खरी, पण रात्री आठनंतर जी यायची ती फुटबॉल क्लबचे मॅनेजर म्हणून.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 'चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२' निघाला होता. त्याची सीडी कुणी आणली ते आता आठवत नाही. पंधरा दिवसांत माझ्या सगळ्या मशीनवर तो चढला होता एवढं खरं. कारण सोपं. नेट लागत नव्हतं, ग्राफिक्स कार्ड लागत नव्हतं. या खेळात आपण बॉलला पाय लावत नाही. खेळाडू विकत घ्यायचे, संघ निवडायचा, कसं खेळायचं ते ठरवून द्यायचं आणि मॅच बघायची. बघायची म्हणजे वाचायची. मैदान दिसत नसे. पडद्यावर एकेक ओळ उमटायची आणि गोल झाला की ती लुकलुकायची. चार-चार पोरं एका मशीनला वर्गणी काढून बसायची आणि आपापली पाळी आली की बाकीच्यांना तोंड फिरवायला लावायची. गुरुवारी दिवसभर लाइट नसायची, तेव्हा हीच मंडळी वहीत अकरा जणांची मांडणी काढत माझ्या पायरीवर बसलेली.

हा खेळ काही नवा नव्हता. केविन टॉम्स नावाच्या इंग्रजाने १९८२ सालीच 'फुटबॉल मॅनेजर' बाजारात आणला होता. खोक्यावर त्याचाच दाढीवाला फोटो असे. मग पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांनी १९९२ मध्ये 'चॅम्पियनशिप मॅनेजर' काढला, तो आमच्या ०१/०२ सारखाच अक्षरांचा. पहिल्या आवृत्तीत खेळाडूंची नावंसुद्धा बनावट होती.

माझ्या गिऱ्हाइकांत मुंबईचे, नाशिकचे, लातूरचे सगळे होते, पण फुटबॉल रक्तात असलेला एकच, कोल्हापूरचा. तो शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार सामने बघत वाढलेला. बाकीचे मँचेस्टर युनायटेड नाहीतर रेआल माद्रिद घ्यायचे. हा गडी इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनमधला, खिशात दमडी नसलेला क्लब घ्यायचा आणि म्हणायचा, "दादा, काउंटरवर काढतो वर."

काउंटर, म्हणजे समोरच्याला येऊ द्यायचं आणि बॉल हिसकावला की उलट हल्ला चढवायचा, हा त्या खेळात एक चौकोन होता. टिक केला की लागू. त्याच पडद्यावर आणखी काही चौकोन: प्रेसिंग, ऑफसाइड ट्रॅप आणि सगळ्यांना बॉलच्या मागे ठेवणं. दुबळा क्लब मिळालेला प्रत्येक पोरगा काउंटरवर टिक मारायचा आणि धसका घेऊन बॉलच्या मागे या चौकोनावरही मारायचा. निकाल ठरलेला. ऐंशी मिनिटं शून्य-शून्य, मग एक कॉर्नर, एक गोल, खेळ खलास. कोल्हापूरकराने एकदा शेजारच्याच्या माऊसवर हात ठेवून ती दुसरी टिक काढली. "सगळीच मागं बसली तर बॉल मिळाल्यावर पळायचं कुणी?" मग त्याने दोन स्ट्रायकर पुढेच ठेवले, त्यातल्या एकाचा वेग वीसपैकी अठरा. मधल्या फळीत पाय मंद पण नजर लांबची असलेला एक म्हातारा पासर. पासिंग डायरेक्ट. बस्स. त्या दिवशी शेजाऱ्याने तीन-एक मारली आणि एक तास वाढवून घेतला.

पुढे मी या भानगडीचं मूळ शोधायला लागलो, कारण कॅफेत दुपारी माशा मारण्यापलीकडे काम नसे. तर सगळ्यांनाच मागे बसवायची ही चूक फुटबॉलमध्ये फार जुनी निघाली. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. पुढच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्याचे तीन जण असावे लागत, ते दोनवर आले. गोलांचा पाऊस पडायला लागला. आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमनने मधल्या फळीतला एक माणूस बचावात ओढला, प्रतिस्पर्ध्याला येऊ दिलं आणि बॉल हिसकावला की अॅलेक्स जेम्सच्या पायातून तो थेट बॅस्टिनसारख्या पळणाऱ्या विंगरकडे. लोकांनी त्यांना नशीबवान म्हणून हिणवलं. १९३०-३१ मध्ये याच आर्सेनलने बेचाळीस सामन्यांत १२७ गोल केले आणि लीग जिंकली. १२७! बचावाचा संघ म्हणायचं तरी कसं?

स्वित्झर्लंडमध्ये कार्ल रापान या ऑस्ट्रियनाने हौशी खेळाडूंना घेऊन अशीच कुलूपबंद मांडणी बसवली आणि १९३८च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीला फेरसामन्यात ४-२ ने घरी पाठवलं. ते कुलूप इटलीत गेलं, त्याचं कातेनाच्चो झालं. एलेनिओ एरेराच्या इंटरने त्यावर १९६४ आणि १९६५ असे लागोपाठ दोन युरोपियन कप नेले. नंतर एरेराची तक्रारच होती की नकला करणाऱ्यांनी माझा बचाव उचलला आणि हल्ला तिथेच टाकला. खरं होतं त्याचं. त्याचा लेफ्ट बॅक फाकेत्ती १९६५-६६च्या एका मोसमात लीगमध्ये दहा गोल करून बसला होता. अप्परच्या पोरांनी दुसरा चौकोन टिक केला, इटलीतल्या अर्ध्या कोचांनीही तोच केला होता.

पण खरी गंमत दुसऱ्या मोसमात. कोल्हापूरकराचा क्लब वर चढला की पुढच्या वर्षी तीच मांडणी, तेच खेळाडू, आणि निकाल शून्य-शून्य, शून्य-एक. मशीन फसवतंय असा आरडाओरडा व्हायचा. माझं मत तेव्हा बनलं आणि अजून बदललेलं नाही. काउंटरला समोरचा पुढे यावा लागतो. पहिल्या वर्षी तुम्ही फाटके असता म्हणून तो बिनधास्त येतो आणि मागे मोकळं रान सोडतो. तुम्ही जिंकायला लागलात की तो तुम्हाला मान देतो, घरात बसतो. त्या मानानेच काउंटर मरतो.

पोरांनी आपल्या मांडणीच्या फाइलला 'गनिमी' नाव दिलेलं. पुण्यात दुसरं काय देणार! नाव मात्र बरोबर लागू पडतं, ते पालखेडच्या लढाईसाठी. १७२८च्या सुरुवातीला निजाम पुणे प्रांतात ठाण मांडून बसला होता. बाजीराव त्याच्यावर चालून आलाच नाही. बऱ्हाणपूरला धोका दाखवून त्याला बाहेर काढलं. निजाम घाईने निघाला, जड तोफखाना मागे राहिला आणि २८ फेब्रुवारीला पालखेडजवळ पाण्यावाचून कोंडला गेला. तो जागेवर बसून राहता तर बाजीरावाचे घोडेस्वार काय करणार होते?

इंग्लंडच्या लेस्टरचं उदाहरण तर सगळ्यांसमोर घडलं. २०१५-१६ मध्ये कोच रानिएरीच्या या संघाकडे बॉल कमीच असायचा. तो मिळाला की ड्रिंकवॉटरचा लांब पास आणि वार्डीची धाव. वार्डीचे चोवीस गोल, एक्क्याऐंशी गुण, लीग दहा गुणांनी खिशात. पुढच्या फेब्रुवारीत रानिएरीची हकालपट्टी. त्यांचा कांते चेल्सीला गेला म्हणून, असं सगळे सांगतात. तेही आहेच. पण त्या मोसमातल्या मॅचेस बघा, वार्डीच्या पुढ्यात पळायला जागाच कुठे उरली होती?

खेळ बनवणाऱ्यांनाही हे हळूहळू उमगत गेलं. २००३ मध्ये 'चॅम्पियनशिप मॅनेजर ४'ला वरून दिसणारं मैदान आणि पळणारे ठिपके आले, आणि काउंटर का फसतो ते पोरांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं: बॉल सुटला तेव्हा पुढे एकच ठिपका. पुढे कॉलियरांची कंपनी आणि प्रकाशक वेगळे झाले, जुनं नाव प्रकाशकाकडे राहिलं, म्हणून २००४च्या अखेरीस कॉलियरांचा खेळ 'फुटबॉल मॅनेजर' या नावाने आला. २०१०च्या आवृत्तीत काउंटर ही संघाची एक वृत्तीच झाली, अतिबचाव आणि अतिहल्ला यांच्या मधली. २०१९च्या आवृत्तीत तीही मोडीत काढली. त्याजागी बॉल आपल्याकडे असताना, बॉल हातचा जाता-येताना आणि बॉल नसताना असे तीन वेगळे पडदे आले, आणि काउंटर त्यातल्या मधल्या पडद्यावर. चॅपमनचं डोकं खेळात उतरायला इतकी वर्षं लागली.

कॅफे तोवर बंद झाला होता. पोरांकडे लॅपटॉप आले, तासाचे पैसे कोण देणार? कॅफेच्या शेवटच्या काही वर्षांत एक चांगली गोष्ट झाली, आपल्या शहराचा क्लब उभा राहिला. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला आणि डेरिक परेराच्या हाताखाली २००९-१०च्या पहिल्याच आय-लीगमध्ये तिसरा आला. बिबवेवाडीहून बालेवाडी म्हणजे शहराचं दुसरं टोक, स्वारगेटला बस बदलून पोचेपर्यंत पहिला हाफ अर्धा संपलेला. तरी जायचो. २०१२-१३ मध्ये तो दुसरा आला, आणि दोन-तीन वर्षांत बंद पडला. नंतरचा एफसी पुणे सिटी २०१८ मध्ये आयएसएलच्या उपांत्य फेरीत बेंगळुरूशी बालेवाडीत शून्य-शून्य खेळला, तिकडे १-३ हरला आणि पुढच्याच वर्षी हैदराबादला निघून गेला.

माझ्या लॅपटॉपवर दोन फाइली आहेत. परगावच्या मॅचला जुनी 'गनिमी' उतरवतो. घरच्या मैदानावर, जिथे समोरचे दहाजण पेनल्टीच्या पेटीत बसून राहतात, तिथे दुसरी: विंगर रुंद, दोन्ही बॅक वर, पास आखूड, बॉल मुद्दाम मागे खेळवायचा, म्हणजे कंटाळून त्यांचा एखादा तरी बाहेर येतो. कोल्हापूरकर आता हिंजवडीला आहे. त्याला ही दुसरी फाइल मान्य नाही. त्याचं म्हणणं, सरळ क्लब बदलायचा, पुन्हा खालच्या डिव्हिजनमधला घ्यायचा. त्याचा बाविसावा की तेविसावा क्लब चालू आहे.