मोटार बंद पडते तेव्हा

मोटारीचा इतिहास लिहिणारे बहुधा कारखानदारांचा इतिहास लिहितात. इंजिन कोणी शोधले, वर्षाला किती गाड्या बाहेर पडल्या, हे त्यात मिळते. परंतु बाहेर पडलेली गाडी पुढे पंचवीस-तीस वर्षे कोणी चालती ठेवली, याचा उल्लेख त्यात क्वचितच आढळतो. आज आम्ही त्या दुसऱ्या इतिहासाकडे श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो.

या इतिहासाचा आरंभ एका गृहिणीपासून होतो. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील बेर्टा बेंझ ही पतीने बनविलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांसह, मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्झहाइमला गेली. मार्ग सुमारे शंभर किलोमीटरचा होता. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीची पिन घालून ती मोकळी केली. ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हा वाटेतील एका जोडे शिवणाऱ्याकडून त्यांवर चामडे बसवून घेतले, असे सांगतात. इंधन मिळाले ते औषधांच्या दुकानात! त्याच १८८८ साली आपल्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बंधूंच्या साहाय्याने सायकलींचे दुकान काढले. मुंबईच्या तांत्रिक विद्यालयात शिकविणाऱ्या गृहस्थाने सायकली विकाव्यात, दुरुस्त कराव्यात, हे त्या काळच्या पांढरपेशा समाजाला चमत्कारिकच वाटले असेल. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. तथापि यंत्र वापरणाऱ्याने त्याचे पोटही उघडून पाहावे, ही वृत्ती दोहोंत एकच आहे.

आपल्या देशात या वृत्तीला परिस्थितीने खतपाणी घातले. मुंबईत १९२८ पासून अमेरिकन मोटारींची जुळणी होत असे. स्वातंत्र्यानंतर सरकारने असा आग्रह धरला की, नुसती जुळणी पुरे नाही, सुटे भागही येथेच बनले पाहिजेत. त्यामुळे १९५३-५४ च्या सुमारास परदेशी कंपन्या निघून गेल्या. मागे राहिले ते मोजके देशी कारखाने. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट कुर्ल्यात तयार होई, आणि हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसॅडर कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशी मिळालेली गाडी घरातल्या माणसासारखी सांभाळली जाई. ती मोडीत काढण्याचा विचार कोणाला शिवत नसे.

आता गोंदियाकडे वळू. मुंबईहून हावड्याला जाणारा लोहमार्ग आपल्या स्टेशनातून जातो. म्हणजे फियाटचे गाव एका टोकाला, अँबॅसॅडरचे दुसऱ्या टोकाला, आणि आपण मध्ये. दोन्ही टोके आपल्यापासून दूरच. म्हणून आपल्याकडील मोटारमालकाला आपल्या पान्या-पक्कडीवरच भिस्त ठेवणे भाग होते. त्याच्या मदतीला भाताच्या गिरण्यांचे हे गाव होते. जेथे गिरणी आहे तेथे पट्टा, पुली, बेअरिंग यांची भाषा जाणणारा फिटर असतोच.

हे शास्त्र कसे चाले, ते पाहण्यासारखे आहे. समजा, मे महिन्याच्या भर दुपारी कोहमाऱ्याच्या वाटेवर गोरेगावच्या पुढे जुनी फियाट बंद पडली. अडाणी माणूस सेल्फ मारीत बसतो आणि बॅटरीही उतरवून ठेवतो. जाणता माणूस प्रथम हॉर्न वाजवून पाहतो. हॉर्न खणखणीत वाजला की बॅटरीवरचा संशय बहुतांशी फिटतो. नंतर तो प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून किंचित दूर धरतो व सोबत्याला इंजिन फिरवावयास सांगतो. निळी ठिणगी पडली तर विजेचा भाग ठीक. न पडली तर डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडून काळे पडलेले पॉइंट बारीक पॉलिश कागदाने घासावयाचे आणि त्यांतील फट पुन्हा नेमकी करावयाची. ठिणगी आहे आणि गाडी चालत नाही, तर पेट्रोल पोचते की नाही ते पाहावयाचे. विदर्भातील उन्हाळ्यात नळीतल्या पेट्रोलाची वाफ होते. पंप द्रव ढकलण्यासाठी बनविलेला, त्याला वाफ ढकलता येत नाही. उपाय सोपा: पंपावर ओले फडके आणि झाडाखाली पाव तास विसावा.

या क्रमाकडे लक्ष द्यावे. एका वेळी एकच शंका घ्यावयाची, तिची परीक्षा करावयाची, निकाल लागल्यावाचून पुढच्या शंकेला हात घालावयाचा नाही. तर्कशास्त्राचे हे पाठ बोनेट उघडून दिले जात होते. आपल्या समाजात लोखंडाचे काम लोहाराचे, लाकडाचे सुताराचे, आणि शिकलेल्याने फक्त लेखणी धरावयाची, अशी वाटणी शतकानुशतके चालत आली. बंद पडलेल्या गाडीने वकील-डॉक्टरांनाही ग्रीसमध्ये हात घालावयास लावले. शाळेत न गेलेला मिस्त्री त्या क्षणी गुरू होई आणि पदवीधर मालक त्याला पाना देणारा शिष्य. दुर्दैवाने गाडी चालू झाली की हे नाते बहुधा संपत असे.

तेव्हा या काळाचे नुसते गोडवे गाणे आम्हांस मान्य नाही. त्या गाड्या धूर ओकत. साबणाने टाकीची गळती बुजवून घर गाठणे ठीक. पण तीच हातचलाखी ब्रेकवर करणाऱ्यांनी जीव धोक्यात घातले. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली, २००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्ब्युरेटर मागे पडला. पद्मिनी हे नाव घेतलेली फियाट २००१ च्या सुमारास थांबली, अँबॅसॅडर २०१४ साली. आजच्या गाडीचा दोष संगणक सांगतो, आणि ती क्वचितच बंद पडते. हे चांगलेच झाले.

मात्र दोष सांगणारे यंत्र आले म्हणून दोष शोधण्याची बुद्धी निवृत्त करता येत नाही. ती पंपाच्या मोटारीला लागते, शेतातील इंजिनाला लागते, रोग्याच्या नाडीला आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकालाही लागते. ती ज्यांच्या हातांत होती ते वृद्ध मिस्त्री आपल्याच गल्ल्यांत अजून आढळतात. त्यांनी कधी काही लिहून ठेवले नाही; कोणी विचारलेही नाही. श्रोत्यांपैकी एकेकाने एकेका मिस्त्रीपाशी एक संध्याकाळ बसावे, त्याचे म्हणणे वहीत उतरवून घ्यावे आणि सोबत आपल्या मुलालाच नव्हे, मुलीलाही न्यावे, एवढीच आमची विनंती आहे.