वीजघराचं झालं म्युझियम

स्मरणिकेसाठी लेख द्या, असं सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अहो, माझी सगळी नोकरी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात गेली. बॉयलर आणि टर्बाइनपलीकडे मला काय लिहिता येणार? ते म्हणाले, "मग त्यावरच लिहा." म्हणून ही एका वीजघराची गोष्ट. फक्त हे वीजघर लंडनचं आहे.

२०१३ साली मुलीकडे गेलो होतो. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, चला, तुम्हाला पॉवर स्टेशन दाखवते." थेम्स नदीच्या दक्षिण काठावर विटांची भली मोठी इमारत आणि मधोमध एकच उंच चिमणी. आत गेलो तर चित्रं आणि शिल्पं! हे टेट मॉडर्न, म्हणजेच पूर्वीचं बँकसाइड पॉवर स्टेशन.

या जागेवर १८९१ पासून कोळशावर चालणारं एक वीजघर होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनला वीज कमी पडू लागली. १९४७ च्या कडक हिवाळ्यात इंधनाची टंचाई झाली आणि त्याच वर्षी नव्या केंद्राला मंजुरी मिळाली. विरोधही झाला, कारण समोरच्याच काठावर सेंट पॉल कॅथेड्रल आहे. आराखडा सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांचा. लंडनचा प्रसिद्ध लाल टेलिफोन बूथही त्यांचाच. त्यांनी चिमणी ९९ मीटरवर थांबवली, म्हणजे कॅथेड्रलच्या घुमटापेक्षा कमी. इमारतीला ४२ लाख विटा लागल्या. पहिला अर्धा भाग १९५२ मध्ये सुरू झाला, दुसरा पूर्ण व्हायला १९६३ उजाडलं.

हे केंद्र तेलावर चालायचं आणि तिथेच घात झाला. १९७० नंतर तेलाचे भाव भडकले, वीज परवडेना आणि १९८१ मध्ये केंद्र बंद पडलं. पुढची दहा-बारा वर्षं इमारत नुसती उभी होती. पाडून टाका, अशीही भाषा झाली. शेवटी १९९४ मध्ये टेट या कलासंस्थेने ही जागा निवडली. हर्झोग आणि द म्यूरॉन या स्विस वास्तुविशारदांनी टर्बाइनची जागा सरळ मोकळी ठेवली. १५५ मीटर लांब, ३५ मीटर उंच असा हॉल! १३ कोटी ४० लाख पौंड खर्च झाला आणि ११ मे २००० रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उद्घाटन झालं. पहिल्याच वर्षी पन्नास लाखांहून जास्त लोक येऊन गेले.

त्या हॉलचं नाव आजही 'टर्बाइन हॉल' आहे, पण टर्बाइन एकही नाही. मी आपला वर बघत राहिलो. छताखाली जुनी ओव्हरहेड क्रेन तशीच होती. ओव्हरहॉलिंगच्या वेळी अशाच क्रेनने आम्ही रोटर उचलायचो. तो हवेत असेपर्यंत कुणी मोठ्याने बोलत नसे. मुलीला हे सांगताना माझा आवाज थोडा बदलला असावा. मी म्हटलं, "इमारत जपली गं यांनी, पण इथे रात्रपाळी केलेली माणसं कुठे आहेत?" तिच्याकडे उत्तर नव्हतं.

तेवढ्यात एक बारीक गुणगुण कानावर आली. मुलीला वाटलं, तीही कुणाची तरी कलाकृती असेल. मला हसू आलं. तो ट्रान्सफॉर्मरचा आवाज होता! इमारतीच्या दक्षिण बाजूला आजही चालू सबस्टेशन आहे. म्हणजे वीजघर पुरतं मेलेलं नव्हतं.

हे सगळं आज सांगायचं कारण, आपली सोसायटीही २००० सालचीच, त्या म्युझियमच्या वयाची. आपल्या मागच्या कोपऱ्यात जुन्या ऑइल मिलची शेड उभी आहे. ती पाडून पार्किंग करा, या अर्जावर पहिली सही माझीच होती, हे इथे कबूल करतो. आता ती सही मागे घेतोय. बँकसाइड नुसत्या हळहळीने वाचलं नाही, तिला नवीन काम मिळालं म्हणून वाचलं. आपल्या शेडमध्ये मुलांची अभ्यासिका होऊ शकते. पत्रे बदलावे लागतील, भिंती मात्र भक्कम आहेत. मी स्वतः तपासल्यात.

आणि एक काम सभेच्या ठरावाशिवायही करता येईल. त्या मिलमध्ये राबलेले दोघे-तिघे अजून मागच्या गल्लीत राहतात. त्यांच्याकडे जाऊन, चहा घेत घेत, तिथे काय चालायचं ते लिहून घेऊ या. वही मी आणलीय. सोबत कोण येतंय?