घोट्याचा आधार: उंबराच्या सालीपासून हवेच्या पिशवीपर्यंत



‘पाय मुरगळला’ हे आपल्या घरात इतकं सहज बोललं जातं, की त्याला कुणी दुखणं मानतच नाही. हळदीचा लेप लावायचा, फडकं गुंडाळायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्याला, शेताला निघायचं. मुलगी कबड्डी किंवा खो-खो खेळत असेल, तर मात्र एक वाक्य हमखास ऐकू येतं, “बास झाला आता खेळ.” या घोट्याला आधार कसा द्यायचा, यावर माणसांनी फार पूर्वीपासून डोकं चालवलं आहे. आज तीच गोष्ट सांगते.

आधी घोटा समजून घेऊ. पायाची हाडं एकमेकांना चिवट दोऱ्यांसारख्या अस्थिबंधांनी बांधलेली असतात. पाऊल बहुतेक वेळा आतल्या बाजूला वळतं, तेव्हा बाहेरच्या घोट्याखालचे बंध ताणले जातात, कधी तुटतात. म्हणून आधार बनवणाऱ्यापुढे कायम एकच कोडं असतं. पाऊल वर-खाली हललं पाहिजे, नाहीतर चालता-पळता येणार नाही. पण बाजूला वळता कामा नये.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत पट्टी बांधण्याचे चौदा प्रकार दिले आहेत. त्यातला ‘स्वस्तिक’ हा सांध्यांसाठी सांगितलेला बंध. पट्टीचे वेढे एकमेकांना छेदून जातात, आपल्या आठच्या आकड्यासारखे. मोडलेल्या हाडाला आधार द्यायला उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबू वापरायला सांगितलं आहे. म्हणजे मऊ पट्टी आणि ताठ आधार, या दोन्ही गोष्टी त्या वैद्यांना माहीत होत्या.

१८५० नंतर अँटोनियस मॅथायसेन या डच लष्करी डॉक्टरांनी प्लास्टरची पट्टी प्रचारात आणली. मोडलेल्या हाडासाठी ती वरदान ठरली. पण मुरगळलेला पाय प्लास्टरमध्ये घातला, की माणूस घरी बसणार. हातावर पोट असलेल्याला ते कसं परवडावं? न्यूयॉर्कचे डॉक्टर व्हर्जिल गिबनी यांनी १८९५ मध्ये वेगळी रीत लिहून काढली. चिकटपट्टीचे तुकडे एक उभा, एक आडवा असे टोपली विणल्यासारखे घोट्यावर लावायचे. कुबड्या नकोत, कामाचा खाडा नको, हाच त्यांचा आग्रह होता. खेळाडूंनी ही विणीची पट्टी उचलली आणि पुढची कित्येक वर्षं वापरली.

तिच्यातली खोट मोजून दाखवली ती १९६२ मध्ये रॅरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. जोरात दहा मिनिटं व्यायाम केला, की चिकटपट्टीचा सुमारे ४० टक्के आधार निघून जातो, असं त्यांना आढळलं. सामना रंगात येतो तेव्हाच पट्टी सैल! शिवाय ती दर वेळी नवी लागते, आणि नीट बांधणारं जाणतं माणूसही लागतं.

मग पुन्हा पुन्हा वापरता येतील असे पट्टे आले. जाड कापडाचे, बुटासारखी नाडी आवळून बांधायचे. काहींवर दोन पट्टे आठच्या आकड्यात फिरवलेले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एअरकास्ट कंपनीने घोड्याच्या रिकिबीसारखा आधार बाजारात आणला. दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या ताठ पट्ट्या, टाचेखालून जाणारा बंद आणि आत हवेच्या पिशव्या. घोट्याचं हाड पुढे आलेलं असतं. त्यावर ताठ वस्तू टेकली की ती टोचते. हवेची पिशवी त्या उंचवट्याभोवती बसते आणि दाब वाटून घेते. हे लाड नव्हेत हं. जो पट्टा टोचतो तो खुंटीवर राहतो, आणि खुंटीवरचा पट्टा कुणाचा पाय वाचवत नाही.

बंद आवळायला उपयोगी पडला वेल्क्रो. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना फिरून आल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेल्या काटेरी बियांवरून तो सुचला. १९५५ मध्ये त्याचं पेटंट झालं. त्यामुळे सूज वाढली तर बंद सैल करायचा, उतरली तर घट्ट करायचा, हे जिचं तिला जमू लागलं.

या पट्ट्यांचा खरंच उपयोग होतो का? १९९४ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट या लष्करी संस्थेतल्या १६०१ बास्केटबॉल खेळणाऱ्या छात्रांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रिकिबीसारखा आधार घालणाऱ्यांना घोट्याच्या इजा कमी झाल्या. २०११ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या ४६ शाळांतल्या १४६० मुला-मुलींचा अभ्यास आला. दर हजार वेळा मैदानात उतरल्यावर पट्टा नसलेल्यांत घोट्याच्या इजा झाल्या १.४१, आणि नाडीचा पट्टा असलेल्यांत ०.४७. म्हणजे एक तृतीयांश. मात्र झालेली इजा पट्ट्यामुळे सौम्य झाली, असं दिसलं नाही.

आणखी एक धागा आहे. १९६५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर फ्रीमन यांनी दाखवलं, की मुरगळल्यावर पायाची तोल सांभाळण्याची जाणही बिघडते. डगमगत्या फळीवर उभं राहून ती परत कमावता येते. आपल्याला फळी नको. सूज-दुखणं उतरल्यावर भिंतीजवळ एका पायावर उभं राहायचं, रोज थोडा थोडा वेळ. पट्टा पायाला आवर घालतो, पण पायाला शहाणं करतो तो व्यायाम.

तेव्हा सख्यांनो, पट्टा घेताना पायात घालून, चालून बघा. बोटं बधिर झाली किंवा काळी-निळी पडली तर तो फार घट्ट आहे. ताज्या इजेला जोरात चोळू नका. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर हाड मोडलेलं असू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा, एक्स-रेची गरज आहे का ते विचारा.

आणि लेकीचा पाय मुरगळला, तर खेळ बंद करण्याआधी एवढं आठवा. तिला पुन्हा मैदानात उभं करण्याच्या वाटा कधीच सापडल्या आहेत. त्या तिच्यापर्यंत पोचवायचं काम आपलं.