ट्रेनिंग लोड म्हणजे काय? स्मार्टवॉचमधला हा आकडा कसा वाचायचा?

पहिल्या हाफ मॅरेथॉनची तयारी करताना एक चूक हमखास होते. तीन आठवडे मस्त जातात, चौथ्या आठवड्यात उत्साहाच्या भरात अंतर एकदम वाढवलं जातं आणि नडगी किंवा गुडघा दुखायला लागतो. ही उडी ट्रेनिंग लोडच्या आकड्यात आधीच दिसू शकते. फक्त तो वाचता यायला हवा.

ट्रेनिंग लोड म्हणजे काय?

व्यायामाचा शरीरावर पडलेला एकूण ताण म्हणजे ट्रेनिंग लोड. किती वेळ केलं आणि किती जोरात केलं, या दोन्हींचा त्यात हिशोब असतो. म्हणूनच 10 किलोमीटर आरामात पळणं आणि तेच अंतर जीव तोडून पळणं यांचा लोड वेगळा येतो.

घड्याळ हा आकडा कसा काढतं?

प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी आहे. कॅनडातील संशोधक एरिक बॅनिस्टर यांच्या 'ट्रिम्प' पद्धतीत व्यायामाची मिनिटं आणि हृदयाचे ठोके यांची सांगड घातली जाते. गार्मिनचं घड्याळ, व्यायामानंतर शरीर किती जादा ऑक्सिजन वापरेल याचा अंदाज बांधतं. सायकलिंगमध्ये 'टीएसएस' चालतो: सलग एक तास टिकेल अशा कमाल जोरात तासभर सायकल चालवली की 100 गुण. त्यामुळे मित्राच्या अ‍ॅपमधला आकडा आणि तुमचा आकडा यांची तुलना करू नका. तुलना स्वतःच्याच मागच्या आठवड्यांशी करायची.

घड्याळ नसेल तर?

काही अडत नाही. अमेरिकेतील कार्ल फॉस्टर यांची पद्धत मोबाइलच्या नोट्समध्येही जमते. व्यायाम संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने स्वतःला विचारा, 'किती कठीण गेलं?' 0 ते 10 मध्ये गुण द्या आणि मिनिटांनी गुणा.

- मंगळवार: 40 मिनिटं × 4 = 160
- गुरुवार: 30 मिनिटं × 7 = 210
- रविवार: 90 मिनिटं × 5 = 450

आठवड्याची बेरीज 820. समजा, त्याआधीच्या चार आठवड्यांची सरासरी 600 होती. म्हणजे लोड जवळपास 37 टक्क्यांनी वाढला! पुढचा आठवडा हलका ठेवलेला बरा.

अ‍ॅपलच्या घड्याळातही 2024 च्या वॉचओएस 11 पासून अशीच तुलना दिसते: शेवटचे 7 दिवस विरुद्ध शेवटचे 28 दिवस. काही अ‍ॅप्स 42 दिवसांच्या सरासरीला 'फिटनेस' आणि 7 दिवसांच्या सरासरीला 'थकवा' म्हणतात. शर्यतीआधी लोड कमी केला की थकवा पटकन उतरतो, फिटनेस मात्र हळू घटतो. शेवटच्या दोन आठवड्यांत कमी पळायला सांगतात ते याचसाठी.

आकडा कधी फसवतो?

- पट्टा सैल असेल तर ठोके चुकीचे मोजले जातात.
- कमाल ठोक्यांसाठी अ‍ॅप बहुतेक वेळा '220 वजा वय' हे ढोबळ सूत्र धरतं. ते तुम्हाला लागू पडत नसेल तर लोडही चुकतो. सेटिंग तपासा.
- मुंबई-कोकणातल्या दमट हवेत त्याच वेगाला ठोके जास्त पडतात, त्यामुळे लोड वाढलेला दिसतो. तो ताण खराच असतो, दुर्लक्ष करू नका.
- रात्रीचं जागरण, परीक्षेचं टेन्शन, दिवसभराची धावपळ यातलं बरंच काही या आकड्यात येत नाही.

मग करायचं काय?

आठवड्यातून एकदाच आकडा बघा. वाढ हळूहळू ठेवा आणि तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम हलका घ्या. लोड किती वाढला की दुखापत होणार, हे कोणतंच अ‍ॅप खात्रीने सांगू शकत नाही. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतंय, पण पाय दुखतोय? मग पायाचं ऐका. दुखणं थांबत नसेल तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.